मंडळी उभी राहिली, आता आम्ही कुठे उभे राहावे?

पत्राचा सारांश:

"मी ६७ वर्षांची आहे आणि माझे पती ७३ वर्षांचे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आम्ही दोघे बॅप्टिस्ट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेत आलो आणि आजवर चार ठिकाणी मंडळ्या स्थापन केल्या. पहिल्या तीन मंडळ्या सावरल्या तसे आम्ही पुढच्या ठिकाणी गेलो. चौथ्या ठिकाणी मात्र बावीस वर्षे राहिलो. गेल्या वर्षी सभासदांनी मतदान करून एका तरुण पाळकाला बोलावले. तो ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला आहे, आणि ह्यांनी आनंदाने सेवा त्याच्याकडे सोपवली. पण माणसे अजून आमच्याच दाराशी येतात. लग्न असो, दफन असो, 'तुम्हीच या' असा आग्रह होतो आणि हे जातात. नवे पाळक काही बोलत नाहीत, परंतु आमच्याकडे येणे त्यांनी कमी केले आहे. गेल्या महिन्यात डीकनांनी, म्हणजे मंडळीने कारभारासाठी निवडलेल्या सेवकांनी, 'वर्षभर दुसऱ्या मंडळीत उपासनेला गेलात तर बरे होईल' असे सुचवले आणि तेव्हापासून ह्यांची झोप उडाली आहे. आम्ही राहतो ते घर मंडळीचे आहे. आमचे स्वतःचे घर नाही. आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. निरोपसमारंभाच्या दिवशी चर्चच्या भिंतीवर जी पाटी बसवली तिच्यावर फक्त ह्यांचे नाव आहे. मला वाईट वाटले, आणि वाईट वाटल्याचेही वाईट वाटले. महिला मंडळ मी अजून चालवते; तेही सोडायचे का?"

आदरणीय ताई,

सप्रेम सलाम. डीकनांनी तुमच्याकडे जे मागितले ते योग्य आहे. ज्या रीतीने मागितले ती रीत मात्र योग्य नाही. तुम्ही वर्षभर दूर राहावे हे मलाही पटते. पण ज्या जोडप्याच्या डोक्यावरचे छप्परही मंडळीच्या मालकीचे आहे, त्याला 'दुसरीकडे गेलात तर बरे' असे सांगताना त्या छपराविषयी चकार शब्दही न काढणे हा निष्काळजीपणा झाला. तुमच्या पतींची झोप केवळ मान दुखावल्यामुळे उडाली असेल, असे मला वाटत नाही. सेवेतून बाजूला होणे आणि म्हातारपणाची सोय होणे या दोन गोष्टी तुमच्या घरात सध्या एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि त्या तशाच राहिल्या तर दोन्हींचा विचका होईल. म्हणून त्या आधी वेगळ्या करू.

ज्या संप्रदायांत बिशप असतो तिथे पाळकाची बदली होते. पत्र येते, सामान बांधले जाते, आणि गेलेल्याने परत डोकावायचे नाही हा नियम वरूनच घातलेला असतो. बॅप्टिस्ट मंडळीत वरचे कोणी नसते. स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः बोलावते, आपले डीकन स्वतः निवडते, आपली शिस्त स्वतः सांभाळते, आणि त्यामुळे निवृत्त पाळकाने कसे वागावे हेही तिथे माणसांच्या समजूतदारपणावर सोडलेले असते. तुमच्या बाबतीत याला आणखी एक पीळ आहे. तुम्ही दोघे तिथे गेलात तेव्हा सभासदच नव्हते, म्हणजे तुमच्या पतींना बोलावणारेही कोणी नव्हते. मंडळी तयार झाली ती त्यांच्या शिकवण्यातून आणि त्यांनी दिलेल्या बाप्तिस्म्यांतून. याचा अर्थ असा की या मंडळीने मत देऊन निवडलेला पहिला पाळक हा नवा तरुण आहे. गेल्या वर्षीच्या त्या सभेत हात वर झाले तेव्हा तुमच्या पतींना आपले काम संपल्यासारखे वाटले असेल. पण ज्यांना तुम्ही 'प्रत्येक विश्वासणारा याजक आहे' असे बावीस वर्षे शिकवलेत, त्यांनी ती शिकवण त्या दिवशी पहिल्यांदा पूर्णपणे वापरली. ही मंडळी उभी राहिल्याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी सुचत नाही.

संस्थापक बाजूला झाल्यावरही मंडळी टिकते, हे बॅप्टिस्टांच्या इतिहासात पहिल्याच पिढीत दिसले. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे जॉन स्मिथ यांनी इंग्लंडहून आलेल्या निर्वासितांची जी मंडळी विश्वास स्वतः कबूल करणाऱ्यांच्या बाप्तिस्म्यावर उभारली, तिच्यापासून ते स्वतः लवकरच वेगळे झाले आणि मेनोनाइट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे वळले. मागे उरलेल्या थोड्या लोकांना टॉमस हेल्विस यांनी धरून ठेवले आणि १६१२ च्या सुमारास मायदेशी परत नेले. तुमच्या घरी तसा मतभेद नाही, हे तुमचे भाग्यच. मुद्दा एवढाच की या परंपरेत संस्थापक हा मंडळीचा आधारस्तंभ कधीच मानला गेलेला नाही.

तीन मंडळ्या तुम्ही यापूर्वी सोडल्यात आणि तेव्हा असा त्रास झाल्याचे तुम्ही लिहीत नाही. तेव्हा अंतराने तुमचे काम सोपे केले होते. तुम्ही पुढच्या ठिकाणी होतात, हातात नवे काम होते, आणि जुन्या सभासदाला दाराशी यायचे तर प्रवास करावा लागत होता. या वेळी तुम्ही चर्चच्या आवाराशेजारीच राहता. पूर्वी रस्ता जे काम करत होता ते आता तुम्हाला शब्दांनी करावे लागेल, आणि शब्द रस्त्याइतके सोपे नसतात.

बाप्तिस्म्याचे नाते किती खोल असते हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याच्या पाठीमागे हात ठेवून पाळकाने त्याला पाण्यात उतरवले आणि वर काढले, तो माणूस पन्नाशीला आला तरी त्या हाताची ओळख विसरत नाही. प्रेषित पौलाला या ओढीची भीती होती. करिंथच्या मंडळीत 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' अशी भांडणे सुरू झाल्यावर त्याने लिहिले की क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरची माणसे वगळता तुमच्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा मी केला नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. मंडळी स्थापन करणाऱ्याने असे म्हणावे हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटते. तुमच्या पतींनी ते या वर्षी पुन्हा वाचावे. आता ते वेगळे लागेल.

आता दाराशी येणाऱ्या माणसाकडे वळू, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. एखादा जुना सभासद संध्याकाळी येतो, प्रकृतीची विचारपूस करतो, मग खुर्ची जरा पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, 'पाळकसाहेब, तुमच्या वेळी असे नव्हते.' या वाक्यानंतर तुमचे पती नुसते गप्प राहिले तरी त्या माणसाला हवे ते मिळते, कारण रविवारी तो चौघांना सांगणार असतो की साहेब काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून सगळे कळले. म्हणून गप्प राहून भागणार नाही. त्यांनी विचारावे, 'हे तू पाळकांशी बोललास का?' आणि उत्तर नकारार्थी आले तर सांगावे, 'मग आधी त्यांच्याकडे जा. तू येणार आहेस असे मी त्यांना आत्ताच फोन करून कळवतो.' हा फोन त्या माणसाच्या समोर करायचा. अपराध झाला तर आधी एकांतात त्याच माणसाकडे जावे, ही मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली रीत तुम्ही दोघांनी कितीदा शिकवली असेल. ती या खोलीतही लागू आहे. दोन-तीन जणांच्या बाबतीत असे झाले की तक्रारी घेऊन येणारे आपोआप कमी होतील. काही जण तुमच्यावर रुसतील. रुसू द्यावे.

लग्न, दफन आणि बालसमर्पण यांच्याबाबत माझे मत कडक आहे. वर्षभर तुमच्या पतींनी कोणताही विधी चालवू नये, कुटुंबाने कितीही गळ घातली तरी. त्यानंतर आमंत्रण यावे ते कुटुंबाकडून नव्हे, तर नव्या पाळकाकडून, आणि तेव्हाही प्रार्थना किंवा शास्त्रवाचन यापलीकडे जाऊ नये. हे निष्ठुर वाटेल, विशेषतः दफनाच्या वेळी. पण पाळक आणि मंडळी यांचे नाते उपदेशाने जुळत नाही, ते मृत्यूच्या घरी जुळते. पहाटे कोणाला फोन करायचा, खोलीत पहिला कोण शिरला, कबरेशी कोणाचा आवाज होता, हे लोकांच्या आयुष्यभर लक्षात राहते. नव्या पाळकाला तुम्ही व्यासपीठ दिलेत, पण हे प्रसंग अजून दिलेले नाहीत. त्याच्या मौनाचे कारण बहुधा हेच आहे; आणि ज्याने आपल्याला घडवले त्याच्यासमोर ही तक्रार कोणत्या तोंडाने करावी, हे त्याला कळत नसणार.

वर्षभर दूर जाण्याचा निर्णय डीकनांच्या सूचनेला दिलेला होकार ठरू नये, तो तुम्ही दोघांनी ठरवून मंडळीला कळवलेला निर्णय असावा. यात नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. 'पाळकांना काढले' अशी कुजबुज सुरू झाली की मंडळीत दोन तट पडतात आणि तुमच्या बाजूचा तट तुम्ही न मागता उभा राहतो. म्हणून रविवारच्या उपासनेत, नवे पाळक शेजारी उभे असताना, तुमच्या पतींनी स्वतः सांगावे की अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत आम्ही दुसऱ्या मंडळीत उपासना करू, आमचे सभासदत्व इथेच राहील, आणि या काळात तुमचे पाळक हेच आहेत. तारखा सांगाव्यात, नाहीतर लोक कायमचा निरोप समजतात. जाताना शक्य असेल तर लहान मंडळी निवडा, जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. मागच्या बाकावर बसा, इतरांबरोबर प्रभुभोजन घ्या, आणि तिथल्या पाळकाने आग्रह केला तरी पहिले सहा महिने तुमच्या पतींनी उपदेश देऊ नये. दर शनिवारी रात्री संदेशाची तयारी करत आलेल्या माणसाला पहिले काही आठवडे हे फार जड जाईल. त्या रात्री त्यांना एकटे सोडू नका.

आता घराचा प्रश्न. इथे मी तुमच्या बाजूचा आहे आणि डीकनांनी हे वाचावे अशी माझी इच्छा आहे. मंडळ्या स्थापन करणारे जोडपे आयुष्यभर ठिकाणे बदलत राहते, प्रत्येक ठिकाणी मिळेल त्या खोलीत राहते, आणि हाती थोडे पैसे आलेच तर ते आधी बाकांसाठी किंवा छतासाठी देऊन टाकते. सत्तरीला त्यांचे स्वतःचे घर नसणे हा त्यांचा हलगर्जीपणा नव्हे. त्यांच्या वाट्याचे घर मंडळीच्या भिंतींत गेलेले असते. त्यामुळे त्यांची सोय करणे ही मंडळीची मेहेरबानी होत नाही, ते राहिलेले देणे आहे. मजुराला मजुरी मिळालीच पाहिजे, असे पहिल्या तीमथ्यपत्रात मंडळीच्या ज्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांविषयी लिहिले आहे, ते पुढारी वचन आणि शिक्षण यांत श्रम करणारेच आहेत.

पण देणे असले तरी ते तोंडी ठेवू नये. मालमत्तेविषयीच्या संदिग्धतेने याहून फार मोठी माणसे दुरावली आहेत. बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून मिशनच्या जागा घेतल्या, आणि त्या जागांवर हक्क कोणाचा, इंग्लंडमधल्या संस्थेचा की तिथे राबणाऱ्यांचा, हा वाद वर्षानुवर्षे चिघळून १८२७ मध्ये दोन्ही पक्ष वेगळे झाले. कॅरी १८३४ मध्ये वारले, तेव्हाही हा दुरावा मिटलेला नव्हता. समेट १८३७ मध्ये झाला. ज्यांनी एकमेकांसाठी प्राण दिले असते, त्यांचे हे झाले. तुमच्या मंडळीत अविश्वास नाही असे तुम्ही म्हणाल. नाही म्हणूनच आता लिहून घ्यावे, कारण अविश्वास आल्यावर कोणी लिहून देत नाही.

सभासदांच्या कामकाज सभेत ठराव यावा. तुम्ही दोघे, आणि तुमच्यापैकी जो मागे राहील तो एकटा किंवा ती एकटी, हयात असेपर्यंत राहण्याची सोय काय असेल; हे घर नव्या पाळकाला लागणार असेल तर पर्यायी जागेचे भाडे कोण देईल; औषधपाण्यासाठी दरमहा किती रक्कम ठरेल; हे सर्व त्या ठरावात असावे. 'जो मागे राहील' हे शब्द मुद्दाम सांगतो आहे. पाळकाच्या नावाने झालेली सोय पाळकाबरोबर संपते आणि विधवा पुन्हा विनंतीअर्ज करते, असे होऊ देऊ नका. तुम्ही आधीच्या तीन मंडळ्यांचेही संस्थापक आहात, तेव्हा त्यांनाही वाटा उचलण्याविषयी विचारण्यास हरकत नाही. मात्र ते पत्र डीकनांनी लिहावे, तुमच्या पतींनी नव्हे. आणि ही मागणी दूर जाण्याच्या निर्णयाची अट करू नका. घराचे ठरले नाही तरी तुम्ही वर्षभर दूर राहालच, आणि तुम्ही दूर राहिला नाहीत तरी घराचे देणे माफ होत नाही.

पाटीविषयी. वाईट वाटण्यात पाप नाही. नोंद चुकीची आहे आणि ती चुकीची असल्याचे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे वाईट वाटले. तुम्ही कोणत्याही पदावर नव्हतात, त्यामुळे कोणी तुमची नेमणूक केली नाही, आणि नेमणूक नाही म्हणून नोंदही नाही. परंतु नव्या करारात मंडळ्या उभारणाऱ्या ज्या जोडप्याविषयी सर्वांत जास्त माहिती आहे, त्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या नावापुढेही कोणते पद लिहिलेले नाही. ते तंबू करणारे होते. सम्राट क्लौद्याच्या हुकमाने रोममधून निघावे लागले, करिंथला त्यांच्या घरी पौल राहिला, मग इफिसला त्यांच्या घरी मंडळी भरू लागली, आणि पुढे रोमला परतल्यावर तिथेही त्यांच्याच घरी. अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला तो या दोघांनी मिळून. रोमकरांस लिहिताना पौल आधी पत्नीचे नाव घेतो. पद नव्हते, पण नाव राहिले, कारण ज्याला काम ठाऊक होते त्याने ते लिहून ठेवले.

असे लिहिणारा प्रत्येकीला मिळाला नाही. सेरामपूरला १८०० मध्ये हॅना मार्शमन यांनी पतीबरोबर ज्या निवासी शाळा सुरू केल्या, त्यांच्या उत्पन्नावर मिशनचा मोठा भार चालला, तरी त्या त्रयीत नाव पुरुषांचेच राहिले. नागा टेकड्यांतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी १८७२ ची. तिच्याबद्दल बोलताना लोक अमेरिकन मिशनरी क्लार्क यांचे नाव घेतात, क्वचित त्यांच्याआधी तिथे गेलेल्या गोधुला या आसामी सुवार्तिकाचे, आणि गोधुलांबरोबर तिथे राबलेल्या त्यांच्या पत्नी लूसी यांचे तर फारच थोडे.

म्हणून पाटी बदलून मागू नका. तुमच्या पतींनी ती मागणी केली तर त्यांना अडवूही नका. तुम्ही स्वतः मात्र वेगळे काम हाती घ्या. चारही मंडळ्यांचा वृत्तांत लिहा. पहिली उपासना कोणाच्या खोलीत झाली, खाली काय अंथरले होते, कोण आले, कोण दुसऱ्या आठवड्यात आले नाही, पहिला बाप्तिस्मा कोणत्या पाण्यात झाला, घरच्यांचा विरोध पत्करून कोणत्या बाईने तुमच्याकडे रात्र काढली, कोणत्या मुलाला तुम्ही वाचायला शिकवलेत आणि तो पुढे डीकन झाला. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव आणि तारीख असते. त्या माणसाला पाण्यापर्यंत कोणी आणले ते तिच्यात नसते, आणि ते ठाऊक असलेल्या तुम्हीच आहात. तुमच्या पतींना काही नावे आठवतील, तुम्हाला काही. संध्याकाळी दोघे मिळून हे काम करा. त्या शनिवारच्या रात्रींनाही त्याचा उपयोग होईल. मात्र हयात माणसांच्या खाजगी गोष्टी, विशेषतः ज्या तुम्हाला विश्वासाने सांगितल्या गेल्या, त्या वगळा.

महिला मंडळ सोडावे, होय. ते नव्या पाळकांच्या पत्नीच्या हवाली मात्र करू नका. तुम्हाला ज्याप्रमाणे कोणी न विचारता ते काम येऊन चिकटले, तसे तिला चिकटू नये. ती नोकरी करत असेल, तिची मुले लहान असतील, तिच्या अंगची देणगी निराळी असेल. महिलांनी आपल्यातून कोणाला तरी निवडावे, आणि निवडीच्या दिवशी तुम्ही तिथे नसावे, कारण तुम्ही असाल तर सगळ्या तुमच्याच तोंडाकडे बघतील. पाळकांच्या पत्नीला मात्र एकदा एकटीला भेटा आणि 'यातले काहीही तू केलेच पाहिजेस असे नाही' एवढे सांगा. तुम्हाला हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, असा माझा अंदाज आहे.

वर्ष संपल्यावर तुमच्या पतींना काम लागेलच. ज्या मंडळ्यांना पाळक नाही तिथे काही महिने उपदेश देणे, एखाद्या नवख्या पाळकाला दर आठवड्याला तासभर ऐकून घेणे, हे त्यांच्या वयाला शोभणारे आणि त्यांना येणारे काम आहे. त्याची आखणी आज नको.

क्रम मात्र सांभाळा. आधी तुम्ही दोघे बोला. मग दोघांनी मिळून नव्या पाळकांना घरी बोलवा आणि तारखा त्यांच्याबरोबर ठरवा. डीकनांकडे त्यानंतर जा, तेही एका बैठकीत दूर राहण्याविषयी आणि दुसऱ्या बैठकीत घराविषयी. ठराव संमत झाला की इतिवृत्ताची सही केलेली प्रत मागून घ्या, तिच्यात तुमचे नाव पतींच्या नावाबरोबर स्वतंत्रपणे आले आहे ना ते वाचून पाहा, आणि आले नसेल तर पुढच्या सभेत दुरुस्ती होईपर्यंत ती प्रत स्वीकारू नका.